इंजिनातला नारळ

आमच्याकडे गाडी आली तेव्हा ती उभी करायला जागा होती, पुसायला फडकी होती आणि तिच्याबद्दल मतं तर घरात माणशी दोन-दोन होती. नव्हता तो फक्त गाडीतलं काही कळणारा माणूस. ही उणीव कोणाला जाणवली नाही, कारण आम्ही कोकणातली माणसं. ज्यातलं आम्हाला कळत नाही असा विषय अजून निघायचा आहे.

चारकोपला तेव्हा नुकती वस्ती होत होती. सेक्टर पडले होते, झाडं नव्हती. मागे खाडीचा चिखल आणि त्या चिखलात आमच्यासाठी खास तयार होणारे डास. मधल्या चौकाभोवती तीसेक बैठ्या घरांची आमची सोसायटी, आणि चौकात जे घडेल त्यावर सगळ्यांचा सारखा हक्क. कोणाच्या कुकरला शिट्टी होत नाही, कोणाच्या सुकटाला वास जास्त आहे, कोणाच्या मुलीला बघायला आलेल्यांनी कांदेपोहे अर्धे टाकले, हे सगळं वर्तमानपत्राआधी कळायचं. पहाटे पाणी यायचं. आधी नळ म्हाताऱ्यासारखे खोकायचे, मग फुसफुसायचे, आणि मग सगळ्या घरांतून पिंपं भरण्याचा एकच धबधबा सुरू व्हायचा. आमचं घर लायनीत शेवटचं. त्यामुळे आमच्या नळाला बाकीच्यांनी सोडलेलं पाणी यायचं, तेही उपकार केल्यासारखं. आई त्या करंगळीएवढ्या धारेखाली हंडा लावून बसायची आणि चौकाला ऐकू जाईल इतक्या हळू आवाजात शेजाऱ्यांचा उद्धार करायची.

बाबा ड्रायव्हर होते. एका मोठ्या कंपनीच्या मोठ्या साहेबांची गाडी त्यांनी उभी हयात चालवली. ब्रेक असा लावायचे की मागे बसलेल्या साहेबांच्या हातातला पेपरही हलत नसे. पण बॉनेटखाली काय असतं याच्याशी त्यांचा संबंध आला नव्हता. गाडी कुरकुरली की ती कंपनीच्या वर्कशॉपला जायची आणि बाबा बाहेर बाकावर बसून चहा प्यायचे. साहेब रिटायर झाले तेव्हा त्यांनी ती जुनी विलायती गाडी बाबांना जवळजवळ बक्षीसच दिली, आणि पाठोपाठ बाबाही रिटायर झाले. गाडी कोणत्या कंपनीची हे सांगत नाही. ती कंपनी केव्हाच बंद पडली आणि त्यात आमचा हात नव्हता, एवढंच नमूद करतो.

मी तेव्हा वीस वर्षांचा, कॉमर्सला होतो, आणि मला घरातल्या प्रत्येक गोष्टीची लाज वाटायची. गाडी आली तेव्हा वाटलं, चला, आता एक तरी गोष्ट लाज न वाटण्यासारखी आली. मी कॉलेजात तसं सांगूनही टाकलं. माझ्या सगळ्या आनंदांचं असंच होतं. आधी मी ते जाहीर करतो आणि मग ते फिसकटतात.

गाडीची खरी कामगिरी ठरली ती शिमग्यासाठी. संगमेश्वराच्या पुढे आमचं गाव. शिमग्याला ग्रामदेवतेची पालखी घरोघर फिरते. आपल्या वाडीत ती येते त्या दिवशी घरच्या कर्त्या माणसाने वाडीच्या तोंडाशी जायचं, तिला खांदा द्यायचा आणि नाचवत आपल्या अंगणात आणायची, हा आमच्या घराचा मान. बाबा थोरले, म्हणजे मान त्यांचा. पण नोकरी लागल्यापासून त्यांनी एकदाही खांदा दिला नव्हता, कारण होळीच्या सुट्टीत साहेब सहकुटुंब महाबळेश्वरला जायचे. साहेब स्ट्रॉबेऱ्या खायचे आणि बाबा गाडीपाशी उभे राहून साहेबांना स्ट्रॉबेऱ्या खाताना बघायचे. गावाला त्यांचा धाकटा भाऊ, म्हणजे बाळाकाका, खांदा द्यायचा, आणि परत आला की पुढचा महिनाभर आम्हाला त्याचं वर्णन ऐकावं लागायचं. पालखी काय जड झाली होती, देवी काय खेळली, सगळे कसे म्हणाले की बाळ्या, तुझ्यासारखा खांदा नाय. बाबा मान खाली घालून जेवत राहायचे.

त्या वर्षी बाबा ताटावरून उठता उठता म्हणाले, "या शिमग्याला मी जाणार. आणि गाडीने जाणार."

शेजारच्यांनी पुढचं ऐकू यावं म्हणून रेडिओ बारीक केला.

काका म्हणाला, "जा ना. कोण नाय म्हणतंय? पण कशेडीचा घाट हाय मधी. नाय पोचलास तर काळजी करू नको, मी हायच." हे बोलताना त्याच्या खिशात एसटीचं रिझर्वेशन होतं हे आम्हाला नंतर कळलं.

बाळाकाका आमच्याकडेच राहायचा. गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होता. गिरणी बंद झाल्यावर एका रंगाच्या कारखान्यात लागला. साचा चालवलेल्या माणसाला जगातलं कुठलंही यंत्र चालवता येतं, अशी त्याची श्रद्धा होती. आमच्या मिक्सरने या श्रद्धेसाठी प्राण दिले होते. घड्याळानेही दिले होते. गाडी आली तेव्हा तिच्याकडे त्याने ज्या नजरेने पाहिलं, त्या नजरेचा अर्थ तेव्हाच ओळखायला हवा होता.

चाचणी म्हणून बाबा आम्हाला मार्व्याच्या समुद्रावर घेऊन निघाले. आई नवी साडी नेसून मागे बसली होती. मालाड यायच्या आधीच बॉनेटमधून वाफ यायला लागली. काका म्हणाला, "काय नाय, श्वास घेतंय." त्यानंतर गाडीने श्वास घेणं सोडलं. ती ढकलत घरी आणताना मला कॉलेजातली ओळखीची मुलगी दिसली. मी गाडीच्या मागे लपलो; पण गाडी मीच ढकलत होतो, त्यामुळे लपायची जागा चुकली.

इंडस्ट्रियल इस्टेटच्या कोपऱ्यावर एक मेकॅनिक होता. सणाच्या तोंडावर त्याच्याकडे गाड्यांची रांग लागली होती. त्याने उभ्याउभ्याच रेडिएटर बघितला, वरच्या रबरी नळीला हात लावला आणि सांगितलं, "थर्मोस्टॅट जाम है. निकालके फेंक दो ना. अपने इधर कायको लगता है? बरफ गिरता है क्या?"

थर्मोस्टॅट म्हणजे इंजिनाच्या डोक्यावर, एका लोखंडी टोपणाखाली बसवलेली पितळी झडप. इंजिन गार असताना ती पाणी अडवते, तापलं की उघडते आणि पाण्याला रेडिएटरकडे सोडते. आमची झडप मिटलेल्या अवस्थेत अडकून बसली होती. तेव्हा मुंबईत असल्या झडपेवर एकच उपचार होता: काढायची आणि गटारात टाकायची. पण बाबांना ते पटेना. "ज्याने गाडी बनवली त्याने तो पार्ट लावलाय. तो काय मूर्ख होता?" ते म्हणाले. साहेबांची एकही वस्तू त्यांनी उभ्या हयातीत फेकली नव्हती. ते ऑपेरा हाऊसच्या स्पेअर पार्टच्या गल्लीत गेले, संध्याकाळी नवा थर्मोस्टॅट घेऊन आले आणि कोणी हात लावू नये म्हणून तो देव्हाऱ्यात ठेवला. दुसऱ्या दिवशी आईने गणपतीबरोबर त्यालाही हळदकुंकू वाहिलं.

गावाला निघायच्या आदल्या दिवशी रविवार होता. सकाळी बॉनेट उघडलं आणि चौकात खुर्च्या आल्या. टोपणाचे दोन नट काढायचे, टोपण उचलायचं, जुनी झडप काढून नवी ठेवायची आणि टोपण परत लावायचं. चहा उकळेपर्यंत व्हावं असं काम. नट रॉकेल पाजल्यावर निघाले. टोपण निघेना. ते खालच्या धातूला असं धरून बसलं होतं की जणू आम्ही त्याला घराबाहेर काढत होतो.

काकाने हातोडी उचलली. बाबा म्हणाले, "हळू."

"हळूच मारतोय."

"याला हळू म्हणतात?"

"दादा, साच्यावर याच्यापेक्षा जोरात हात ठेवायचो मी."

शेजारच्या तावडेवहिनी, ज्यांच्याशी आईचं पाण्यावरून कायमचं युद्ध होतं, त्या दारातूनच म्हणाल्या, "उकळतं पाणी ओता. बरणीचं झाकण तसंच निघतं." पलीकडचे साळवेकाका टपालखात्यात होते, मूळचे परभणीकडचे; ते लुंगी सावरत आले, वाकून बघितलं आणि म्हणाले, "वर ओढू नका राव. आजूबाजूने ठोका, हलू द्या आधी." आई आतून कोकमाचं आगळ घेऊन आली. तिच्या मते ज्या आगळाने तांब्याच्या कळशीचा काळपटपणा निघतो, त्याच्यापुढे इंजिन म्हणजे काहीच नाही. लसूण सोलत होती त्याच हाताने तिने ते टोपणाच्या कडेने सोडलं. उकळतं पाणी ओतलं गेलं, आजूबाजूने ठोकलं गेलं, खोबरेल तेल लावलं गेलं, इंजिन थोडा वेळ चालू करून गरम केलं गेलं. इंजिनाला सोलकढीचा वास येऊ लागला. दुपारी केव्हातरी टोपण हललं, आणि पात्राला चिकटलेली इडली सुटावी तसं अलगद हातात आलं.

ते कशाने सुटलं यावर चौकात पुढे बरीच वर्षं एकमत झालं नाही. आई शेवटपर्यंत आगळ म्हणायची. तावडेवहिनी आता मुलाकडे कल्याणला असतात, मागे एका लग्नात भेटल्या तेव्हा नमस्कार करायच्या आधी म्हणाल्या, "उकळत्या पाण्याने निघालं होतं हं ते."

जुनी झडप काढली. ती हिरवी पडली होती आणि तिच्याखाली इंजिनात आवळा जाईल एवढं भोक उघडं पडलं. आता नवी ठेवायची, पॅकिंग लावायचं, नट आवळायचे. बाबांनी देव्हाऱ्यातून नवा थर्मोस्टॅट आणला. आणि काका म्हणाला, "थांबा. नवीन पार्ट असाच घालतात काय? गाऱ्हाणं नको?"

आमच्याकडे गाऱ्हाण्याशिवाय काही सुरू होत नाही. वडीलधारा माणूस नारळ हातात धरून देवाला मोठ्याने सगळी हकिकत सांगतो, बाकीचे प्रत्येक वाक्याला "व्हय महाराजा!" म्हणतात, आणि मग नारळ फुटतो. आईने बांगड्यांना मसाला लावून ठेवला होता. तिने ते झाकून आतल्या कोपऱ्यात सरकवले आणि सगळ्यांना हात धुवायला लावले, जणू इंजिनाला वास लागणार होता. साळवेकाका म्हणाले, "आम्ही नारळात नाही. पण ढकलायची वेळ आली तर हाक मारा," आणि खुर्ची थोडी मागे घेऊन बसले.

थोरले बाबा, पण नारळ काकाने उचलला आणि डोळे मिटले. "बा देवा महाराजा! आज तुझ्या लेकराने ही गाडी केलेली हाय..."

"व्हय महाराजा!"

"तिच्या इंजिनात जी काय इडापिडा, जो काय अडथळा बसलेला असंल..."

"व्हय महाराजा!"

"...तो तू भायेर काढ, आणि लेकराची वाट मोकळी कर!"

"व्हय महाराजा!"

गाडीचा नारळ चाकापुढे फोडतात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण काकाचं म्हणणं, जिथे दुखणं तिथे नारळ. कोणी काही बोलायच्या आत त्याने तो इंजिनावरच आपटला. तापलेल्या लोखंडावर पाणी उडून चर्रकन वाफ आली, मुलांनी टाळ्या वाजवल्या, काका तुकडे गोळा करू लागला. बाबांनी मात्र हात वर केला. मागच्या सीटवरचा हलकासा खोकलाही ऐकणारे ते कान होते.

"बाळ," ते म्हणाले, "काहीतरी आत पडलं."

"पाणी पडलं असंल."

"पाणी टण् वाजत नाही."

भोकात बघितलं तर काळोख. आता खरंच काही पडलंय का, हे ठरवायला एकच मार्ग होता. नारळ परत जुळवायचा. पण तोपर्यंत प्रसाद वाटून झाला होता. मला पाठवण्यात आलं. मी, कॉमर्सचा विद्यार्थी, चौकातल्या पोरांच्या मागे धावून करवंटीचे चघळलेले तुकडे मागत फिरलो. एकाने सरळ दिला, एकाने त्याबदल्यात गाडीत बसवायचं वचन घेतलं. आईने वर्तमानपत्र पसरलं आणि कणकेने एकेक तुकडा चिकटवत नारळ उभा केला. उत्खननात सापडलेलं भांडं जोडावं तसे आम्ही सगळे भोवती बसलो होतो. शेवटी नारळ पूर्ण झाला, फक्त एका जागी अंगठ्याच्या पेराएवढी खिडकी राहिली. ती खिडकी इंजिनात होती. ज्या देवाला आम्ही अडथळा बाहेर काढायला सांगत होतो, त्याच्याच नावाने आम्ही तो आत घातला होता.

तावडेंच्या मुलाने लोहचुंबक आणला. साळवेकाका म्हणाले, "नारळ लोखंडी असेल तर येईल." तारेचा आकडा करून घातला, तुकडा आणखी आत सरकल्याचा आवाज तेवढा आला. काका म्हणाला, "पाणी भरा. तरंगून वर येईल. नारळ तरंगतो." खात्रीसाठी त्याने दुसरा तुकडा बादलीत टाकला. तो तळाला जाऊन बसला.

"देवाचा नारळ हाय, काय करनार नाय," काका पुटपुटला. "तशीच बसवून टाका झडप."

"आणि घाटात पाणी तुंबलं तर?" बाबा म्हणाले. मग ते कोणाकडे न बघता म्हणाले, "आता काय करायचं?"

मी म्हणालो, "बाबा, एसटीचं बघू ना. जादा गाड्या सोडतात."

वाक्य अगदी बरोबर होतं. आजही कोणत्याही शहाण्या माणसाला विचारा, तो हेच सांगेल. पण ते मी अख्ख्या चौकासमोर म्हणालो, आणि त्यात जी सुटका होती ती सगळ्यांना ऐकू आली. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "तू जा एसटीने. बाळबरोबर जा," आणि फडक्याने हात पुसायला लागले. हात स्वच्छ झाले तरी पुसत राहिले. मी आयुष्यात बऱ्याच चुका केल्या आणि त्यांचं मला फारसं काही वाटत नाही. अपराधी वाटतं ते जिथे जिथे माझं बरोबर होतं तिथलं.

तेवढ्यात आई जुळवलेल्या नारळावरून नजर न काढता म्हणाली, "बरणीत चमचा पडला तर आम्ही बरणी उलटी करतो. गाडी उलटी होत नसंल तर खालून पाणी सोडा. जोरात. वर नाय येऊन जातंय कुठं?"

सगळ्यांनी एकदम वाकून गाडीखाली बघितलं. रेडिएटरची खालची नळी काढायची, तिथून इंजिनात पाणी सोडायचं, वरच्या उघड्या भोकातून ते बाहेर. इतकं सोपं होतं की आम्हा पुरुषांपैकी कोणाला सुचणं शक्यच नव्हतं. अडचण एकच. जोरात पाणी फक्त पहाटे यायचं, आणि आमच्या शेवटच्या घरापर्यंत जोर यायचा असेल तर बाकीच्या सगळ्यांनी त्या वेळी नळ बंद ठेवायला हवे होते. चारकोपमध्ये. पाण्याच्या वेळेला. त्यापेक्षा लोकांकडे घरं मागणं सोपं होतं.

बाबा आत गेले आणि पांढरा शर्ट घालून आले. मी मागोमाग निघालो. या माणसाने कोणाकडे साधी साखर मागितली नव्हती; ते आईचं खातं होतं. पहिल्याच दारात त्यांनी हात जोडले. "उद्या पाणी आल्यावर जरा वेळ नळ बंद ठेवाल का? माझ्या इंजिनात नारळ अडकलाय."

इतकं गंभीरपणे सांगितलेलं इतकं हास्यास्पद वाक्य मी परत कधी ऐकलं नाही. लोक हसले. बाबा हसू संपेपर्यंत थांबायचे आणि मग तेच वाक्य, त्याच आवाजात, पुढच्या दारात. दोन-तीन घरं झाल्यावर मी मान वर करून चालायला लागलो. का, ते मला तेव्हाही कळलं नव्हतं.

साळवेकाका म्हणाले, "बंद ठेवतो. उद्या आंघोळ न करता कामावर गेलो तर टपाल काय उलट बोलणार आहे का?" तावडेवहिनी दारात कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "अहो, पाण्यासाठी मी सख्ख्या जावेला सोडलं नाही, आणि तुमच्या गाडीला सोडू?"

बाबा म्हणाले, "परवा पालखी आमच्या दारात येतेय वहिनी. मला तिला खांदा द्यायचाय."

त्यांनी कमरेवरचे हात खाली घेतले. मग म्हणाल्या, "किती वेळ?"

"नारळ निघेपर्यंत."

"निघतोय लवकर," असं म्हणून त्यांनी दार लावलं. याचा अर्थ हो की नाही, यावर आम्ही त्या संध्याकाळी बांगडे खाता खाता चर्चा केली. काकाने चर्चेत भाग घेतला नाही. त्याची बस होती. पिशवी उचलताना तो बाबांना म्हणाला, "दादा, घाई करू नको. मी हाय तिथं." देवावर त्याचा विश्वास होता, गाडीवर नव्हता, आणि त्यात आता नारळ होता. मी त्याच्याबरोबर गेलो नाही. कोणी मला राहायला सांगितलं नव्हतं, आणि मीही राहतोय असं म्हणालो नाही. एसटीची वेळ निघून गेली एवढंच.

पहाटे नळ खोकले. मी रबरी पाइप इंजिनाच्या खालच्या तोंडाला फडक्याने घट्ट बांधून दोन्ही हातांनी धरून बसलो होतो. नळ फुसफुसले. आणि मग एरवी जो धबधबा सुरू व्हायचा, तो झालाच नाही. दारादारात माणसं रिकाम्या पिंपांशेजारी दात घासत उभी होती. पाइप माझ्या हातात सापासारखा ताठ झाला. आमच्या नळाला एवढा जोर असू शकतो हे आईला पहिल्यांदा कळलं, आणि ती काहीतरी बोलणार होती, पण प्रसंग ओळखून गप्प राहिली. वरच्या भोकातून आधी काळं पाणी आलं, मग विटकरी, मग गंजाचे पापुद्रे. नारळ काही येईना. बाबा भोकावर डोकं वाकवून उभे. शर्ट, मिशा, सगळं विटकरी. आकाश उजळत चाललं होतं.

तावडेवहिनींचा आवाज आला. "निघाला का हो?"

"नाही अजून," बाबा न बघता म्हणाले.

"मग पाइप हलवा जरा! नुसता धरून काय बसलाय पोरगा?"

मी पाइप दाबला, सोडला, परत दाबला. पाणी उसळलं, पडलं, परत उसळलं, आणि एका उसळीबरोबर तो तुकडा टुणकन उडून बाबांच्या कपाळावर बसला. बाबांनी तो चिमटीत धरला. आई आतून कणकेचा नारळ घेऊन धावत आली आणि तुकडा त्या खिडकीत बसवला. बरोबर बसला. "निघालाऽऽ!" असं कोणीतरी ओरडलं आणि सगळ्या घरांतले नळ एकदम सुटले. माझ्या हातातला पाइप तिथल्या तिथे मेला.

आता मी बोरिवलीला राहतो. माझी गाडी बिघडली तर काचेपलीकडच्या थंड खोलीत बसवून मला कॉफी देतात आणि इंजिन कोणी उघडलं हे मला कधी कळत नाही. कॉफी चांगली असते. माझ्या इमारतीत, माझ्या मजल्यावर, मी पाणी बंद ठेवा म्हणून सांगू शकेन असं एकही दार मला माहीत नाही.

नवी झडप बसली, टोपण आवळलं, आणि उन्हं वर यायच्या आत आम्ही निघालो. मागे आई, फणस आणायला घेतलेल्या रिकाम्या गोण्या आणि पुरणपोळ्यांचा डबा. पुढे मी, मांडीवर पाण्याचा डबा घेऊन. माझं काम दर थोड्या वेळाने तापमानाचा काटा बघून बाबांना सांगणं. बाबांनाही तो काटा दिसतच होता, पण त्यांनी मला ते बोलून दाखवलं नाही. कशेडीत आम्ही थांबलो, आई तिथे उलटी करून मोकळी झाली. परशुरामला थांबलो. चढावर ट्रकवाल्यांनी आमच्या मागून भोंगे वाजवून आमचं कौतुक केलं. रात्र चिपळूणला आईच्या मावसबहिणीकडे काढली, सकाळी परत निघालो. काटा वर जायचा, बाबा पाय हलका करायचे, काटा खाली यायचा. इतक्या वर्षांत त्या माणसाच्या शेजारी बसून मी कधी प्रवास केला नव्हता. ते कसे चालवतात, हे मला तेव्हा दिसलं.

गावात शिरलो तेव्हा खालच्या वाडीतून ढोल ऐकू येत होते. पालखी अजून वर आली नव्हती. वाडीच्या तोंडाशी, पिंपळाखाली, खांद्यावर पंचाची चौपदरी घडी ठेवून बाळाकाका तयार उभा होता. आम्हाला बघून त्याचा चेहरा जो झाला त्याचं वर्णन मी करत नाही. माझ्या मनावर आधीच बरंच ओझं आहे. त्याने हळूच पंचा खांद्यावरून काढला.

बाबांनी गाडी थांबवली. उतरले, पुढून वळसा घालून मागच्या दाराशी आले आणि त्यांनी ते उघडलं. काही विचार करून नाही. हात तसा जातो, म्हणून. आईने आतून कडीला हात घातलाच होता. तिने तो काढून घेतला, केस मागे सारले आणि बसून राहिली.

गावातले म्हातारे दगडूआजा काठी टेकत गाडीपाशी आले होते. वाकून आत बघत म्हणाले, "काय रं, साहेबांना घिऊन आलास काय? कुठं हायेत साहेब?"

बाबा दार धरून सरळ उभे राहिले. म्हणाले, "ह्या काय."

आई उतरली. घाटातल्या उलट्यांनी तोंड उतरलेलं, पदराला पुरणाचा डाग, हातात पोळ्यांचा डबा. ती कोणाकडे न बघता, घाई न करता, घराच्या दिशेने चालू लागली. बाबांनी दार आवाज न करता लावलं, काकाच्या हातातला पंचा घेऊन स्वतःच्या खांद्यावर टाकला आणि ढोलाच्या दिशेने खाली निघाले. गाडीत अजून कोणी बसलंय का, हे त्यांनी वळून बघितलं नाही. मी पुढच्या सीटवरच होतो, मांडीवर पाण्याचा डबा धरून.